जुन्या जीपला पुढं डिस्क ब्रेक बसवताय? आधी ब्रेकचं विज्ञान समजून घेऊ



आपल्या बीड जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. वरचा बालाघाट आणि खालची गंगाथडी. वरून खाली यायचं म्हणजे घाट उतरणं आलंच. मांजरसुंब्याहून बीडकडं येताना घाट, धारूरहून तेलगावकडं उतरताना घाट. या रस्त्यांवर अजूनही जुन्या जीपा दिसतात. कुणाची शेतावरची, कुणाची वऱ्हाडाची, तर कुणाची काळीपिवळी, जिच्यात बाजाराची माणसं आणि शाळेची लेकरं एकत्र बसतात.

या जुन्या गाड्यांच्या मालकांना गॅरेजवर हमखास एक सल्ला मिळतो, "दादा, पुढं डिस्क टाकून घ्या, ब्रेकची कटकटच मिटंल." सल्ला चुकीचा नाही. पण अर्धवट केला तर हाच बदल जुन्या ब्रेकपेक्षा धोक्याचा ठरू शकतो. असं का, हे आज समजून घेऊ. सातवी-आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचं यात फारसं काही लागत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख तेलावर चालणाऱ्या ब्रेकबद्दल आहे. म्हणजे जीप, पिकअप, सुमो, बोलेरो अशा गाड्या. उसाचे मोठे ट्रक आणि एसटी यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, तो विषय वेगळा.

१) ब्रेक म्हणजे नक्की काय करतो?

"ब्रेक गाडी थांबवतो," असं आपण म्हणतो. खरं तर ब्रेक गाडीच्या गतीचं उष्णतेत रूपांतर करतो. तळहातावर तळहात घासला की गरम होतो ना? तेच.

आता थोडं गणित करू. माणसांसकट २००० किलोची जीप ताशी ६० किलोमीटरने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा साधारण २ लाख ७८ हजार ज्यूल भरते. एक लिटर साधं पाणी उकळीला आणायला साधारण ३ लाख १४ हजार ज्यूल लागतात. म्हणजे जीप एकदा थांबवली की जवळजवळ एक लिटर पाणी उकळेल इतकी उष्णता चार चाकांच्या ब्रेकमध्ये तयार होते, आणि तीही चार-पाच सेकंदांत!

वेग निम्मा म्हणजे ३० केला, तर उष्णता निम्मी होत नाही, पाव होते. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर ठरते. "हळू चला" या पाटीमागचं गणित हेच आहे.

आता घाट उतरू. हीच जीप १०० मीटर उंची उतरली, तर जवळपास १९ लाख ६० हजार ज्यूल कुठंतरी जिरवावे लागतात. म्हणजे साठच्या वेगावरून सात वेळा थांबण्याइतकं काम, आणि मध्ये ब्रेक थंड व्हायला फुरसत नाही. यातला काही भाग इंजिन आणि हवा घेते. पण गाडी न्यूट्रलला असेल, तर इंजिन काहीच घेत नाही. सगळा भार ब्रेकवर.

म्हणून सपाट रस्त्यावर चांगला वाटणारा ब्रेक घाटात दगा देतो.

२) ड्रम ब्रेक कसा चालतो आणि कुठं कमी पडतो?

महिंद्राच्या जुन्या कमांडरसारख्या जीपांना चारही चाकांना ड्रम ब्रेक असायचे. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा. त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात आणि त्यांच्यावर लायनर बसवलेला असतो. पॅडल दाबलं की शू बाहेर फाकतात आणि ड्रमला आतून घासतात.

ड्रमचा एक मोठा गुण आहे. दाराखाली पाचर अडकवली की दार जितकं ढकलाल तितकी ती घट्ट बसते. तसंच फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडं आणखी ओढून घेतो. म्हणून कमी जोर लावला तरी ड्रम ब्रेक चांगला पकडतो. त्यामुळंच कित्येक जुन्या जीपांना बूस्टर नसायचा, तरी काम भागायचं.

पण उष्णता वाढली की तीन गोष्टी होतात :

- लोखंड तापून प्रसरण पावतं. ड्रम मोठा होतो, म्हणजे शूपासून लांब जातो. पॅडल खाली खाली जायला लागतं.
- लायनर फार तापला की त्याची पकड कमी होते. पाय जोरात, पण गाडी ढिली.
- उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोचली आणि ते उकळलं, तर आत वाफ होते. तेल दबत नाही, पण वाफ दबते. पॅडल थेट तळाला जातं. आपण "ब्रेक फेल झाले" म्हणतो ते बऱ्याचदा हेच.

पावसाळ्यात आणखी एक भर. ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहतंय आणि गाडी त्यातून काढली, की ड्रममध्ये पाणी शिरतं आणि लवकर निघत नाही. पहिले दोन-चार ब्रेक लागतच नाहीत.

३) डिस्क ब्रेकमध्ये वेगळं काय?

सायकल आठवा. रिमच्या दोन्ही बाजूंनी रबर दाबतात आणि चाक थांबतं. डिस्क ब्रेकचं तत्त्व तेच. फरक एवढाच की रिमऐवजी लोखंडी तबकडी आणि रबराऐवजी पॅड. ज्या शिकंज्यात पॅड आणि पिस्टन बसतात, त्याला कॅलिपर म्हणतात.

तबकडी उघडी असते, त्यामुळं वारा लागून लवकर थंड होते. तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते, लांब जात नाही. पाणी आलं तर फिरताना उडून जातं. घाटासाठी हे तिन्ही गुण कामाचे आहेत.

ही कल्पना काही नवी नाही. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ सालीच डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पण १९५३ च्या फ्रान्समधल्या 'ल मां' या २४ तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेकवाली जॅग्वार जिंकली, तेव्हा जगाचं लक्ष तिकडं गेलं. तासन् तास ब्रेक मारूनही ते ढिले पडले नाहीत, हे सगळ्यांनी पाहिलं.

४) मग पुढंच का बदलायचे?

एसटीने करकचून ब्रेक मारला की आपण सगळे पुढं झुकतो. गाडीचं वजनही तसंच पुढं झुकतं. पुढची चाकं रस्त्याला जास्त दाबली जातात आणि मागची हलकी होतात. ज्या चाकावर वजन जास्त, त्याची पकड जास्त. म्हणून थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचेच ब्रेक करतात. बोलेरोसकट कित्येक गाड्यांना कंपनीकडूनच पुढं डिस्क आणि मागं ड्रम येतात, ते यासाठीच.

करून पाहा : इंजेक्शनच्या दोन रिकाम्या सिरिंज घ्या (सुई नको). एक बारीक, एक जाड. दोन्ही पाण्याने भरून मधे सलाइनची नळी जोडा. बारीक सिरिंज दाबली की जाड सिरिंज सरकते, थोडीच, पण जास्त जोराने. हाच पास्कलचा नियम. आता नळीत मुद्दाम हवेचा बुडबुडा सोडा आणि पुन्हा दाबा. आधी बुडबुडा दबतो, मग सिरिंज हलते. मिस्त्री "ब्रेकची एअर काढायची" म्हणतो ते का, हे पोरांना लगेच कळतं.

५) पास्कलचा नियम जीपमध्ये

समजा तुम्ही पॅडलवर २० किलोचा जोर दिला. पॅडल ही तरफ आहे, तिने तो पाचपट केला, म्हणजे १०० किलो. मास्टर सिलेंडरचं क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर धरू. तर तेलात प्रत्येक चौरस सेंटिमीटरला २५ किलोचा दाब तयार झाला. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असेल, तर पॅडवर ५०० किलोचा जोर येतो. (आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येक गाडीचं माप वेगळं असतं.)

आता गंमत बघा. पिस्टन मोठा घेतला की जोर वाढतो, पण तो सरकवायला तेलही जास्त लागतं. फुकट काही मिळत नाही. अर्धवट कामाचा घोळ इथूनच सुरू होतो.

६) नुसती डिस्क टाकून भागत नाही

जुन्या जीपच्या मालकाने मिस्त्रीशी बोलताना पुढच्या सात गोष्टी विचाराव्यात.

पहिली, मास्टर सिलेंडर. ड्रमसाठी बनवलेला मास्टर सिलेंडर कॅलिपरला पुरेल इतकं तेल ढकलेलच असं नाही. पॅडल खोल जातं. उलट फार मोठा बसवला तर पॅडल दगडासारखं कडक होतं, कारण दाब कमी तयार होतो. डिस्क-ड्रम जोडीसाठी बनलेलाच मास्टर सिलेंडर हवा. तोही दोन कप्प्यांचा. एका बाजूची नळी फुटली तर दुसऱ्या बाजूचे ब्रेक तरी चालतात. फार जुन्या जीपांना एकच कप्पा असायचा. नळी फुटली की चारही चाकं मोकळी! खरं तर डिस्कच्या आधी हाच बदल करावा.

दुसरी, बूस्टर. डिस्कला ड्रमसारखी पाचरीची मदत मिळत नाही. सगळा जोर पायाने द्यावा लागतो. म्हणून व्हॅक्यूम बूस्टर लागतो. आणि आपल्या जीपा डिझेलच्या. पेट्रोल इंजिनासारखा पुरेसा व्हॅक्यूम डिझेल इंजिनात आपोआप तयार होत नाही, त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असावा लागतो. बऱ्याच डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरला जोडलेला असतो. पंप नसताना नुसता बूस्टरचा डबा बसवला, तर तो शोभेचाच.

तिसरी, मास्टर सिलेंडरमधला दाब धरणारा वॉल्व्ह. कित्येक ड्रमच्या मास्टर सिलेंडरमध्ये पाय काढल्यावरही थोडा दाब शिल्लक ठेवणारा वॉल्व्ह असतो. ड्रमला तो चालतो, कारण शू मागं ओढायला स्प्रिंग असते. डिस्कला तशी स्प्रिंग नसते. तो दाब राहिला तर पॅड सतत घासत राहतात, डिस्क तापते, डिझेल जास्त खाते.

चौथी, पुढचं-मागचं प्रमाण. नव्या जोडणीत मागच्या ड्रमला गरजेपेक्षा जास्त दाब गेला, तर करकचून ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात. मागची चाकं जाम झाली की गाडीचा मागचा भाग फिरतो. ओल्या रस्त्यावर आणि रिकाम्या गाडीत हे पटकन होतं. म्हणून मागचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग वॉल्व्ह लागतो आणि तो रिकाम्या मैदानात, कमी वेगात तपासून घ्यावा लागतो.

पाचवी, कॅलिपर ज्यावर बसतो ते ब्रॅकेट. "बोलेरोचं सामान बसतं" हे गॅरेजवर सर्रास ऐकू येतं. पण बोलेरोची पुढची रचना वेगळी आणि जुन्या जीपला पुढं पाटे. त्यामुळं जोडायला मधे ब्रॅकेट करावं लागतं. ब्रेक मारल्यावर चाकाचा सगळा पीळ हे ब्रॅकेट सहन करतं. ते मापात मशीनवर केलेलं आणि योग्य बोल्टने कसलेलं हवं. रस्त्याकडेला गॅसने पत्र्याचा तुकडा जोडून चालत नाही. आपल्याच मॉडेलसाठी तयार केलेला पूर्ण संच मिळत असेल तर तोच घ्यावा.

सहावी, रिम आणि होस पाइप. कॅलिपर जागा खातो. जुनी रिम त्याला घासते का, हे चाक हाताने फिरवून बघा. स्टेअरिंग पूर्ण डावीकडं, पूर्ण उजवीकडं वळवून बघा. चाक खाली लोंबकळतं तेव्हा होस पाइप ताणला जातो का, हेही बघा. ताणलेला पाइप आज ना उद्या फुटणारच.

सातवी, एअर काढायच्या निपलची जागा. साधी वाटते, पण महत्त्वाची. कॅलिपरचा निपल नेहमी वरच्या बाजूला आला पाहिजे, कारण हवा वर जाते. डावा कॅलिपर उजवीकडं बसवला तर निपल खाली येतो, वरची हवा आतच राहते आणि कितीही एअर काढली तरी पॅडल स्पंजासारखं लागतं. सिरिंजमधला बुडबुडा आठवा.

जुन्या बाजारातून सामान घेत असाल, तर डिस्कची जाडी मोजून घ्या. किमान जाडी बऱ्याचदा डिस्कवरच कोरलेली असते. कॅलिपरचे सील आणि पॅड मात्र नवेच टाका.

७) ब्रेक ऑइल : सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मिसळलं की ते लवकर उकळतं. मानकानुसार डॉट ३ तेलाचा उत्कलनांक नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो आणि पाणी शोषल्यावर १४० वर येऊ शकतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणजे जुनं तेल ठेवून नवी डिस्क बसवली, तर घाटात वाफ होण्याची भीती तशीच राहते. डिस्क चांगली असली तरी तेल उकळायचं थांबत नाही.

साधारण दोन वर्षांनी तेल बदलावं. गाडीला जे तेल सांगितलं आहे तेच वापरावं. आणि कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल किंवा डिझेल कधीही ओतू नये. त्याने आतले रबर फुगतात आणि ब्रेक निकामी होतात.

८) आधी जुनं नीट, मग नवं

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, मग डिस्क टाकायची का नाही?"

माझं उत्तर सरळ आहे. आधी आहे तो ब्रेक नीट करा. लायनर नवे टाका, खरवडलेले ड्रम लेथवर मारून घ्या (मर्यादेपलीकडं झिजले असतील तर बदला), व्हील सिलेंडर गळतात का बघा, तेल बदला, एअर काढा, सेटिंग करा. टायर बघा. शेवटी गाडीला रस्ता थांबवतो आणि रस्त्याला धरून असतो तो टायर. टायर गुळगुळीत असेल तर कोणताही ब्रेक काही करू शकत नाही.

एवढं करून गाडी नीट थांबत असेल आणि घाटाला रोज जायचं नसेल, तर तेवढ्यावर भागतं. रोज घाट, रोज माणसं असतील, तर डिस्क जरूर बसवा, पण वरच्या सातही गोष्टींसकट. पैसे निम्मेच असतील तर निम्मं काम करू नका. थांबा, साठवा, मग पूर्ण करा. कारण अर्धवट बदललेल्या गाडीत चालकाला वाटतं, "आता डिस्क आहे," आणि तो वेग वाढवतो. ब्रेक मात्र त्या वेगाचा नसतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. काम करण्याआधी आपल्या आरटीओत (एमएच २३ असेल तर बीड, एमएच ४४ असेल तर अंबाजोगाई) विचारून घ्या आणि विमा कंपनीला लेखी कळवा. प्रवासी गाडी असेल तर फिटनेसच्या वेळी ब्रेक तपासला जातोच.

काम झाल्यावर लगेच घाटात जाऊ नका. नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगावरून हळूहळू वेग कमी करा, मधे थंड होऊ द्या, असं आठ-दहा वेळा करा. पॅडच्या पाकिटावर वेगळी सूचना असेल तर ती पाळा. दुसऱ्या दिवशी सगळे बोल्ट आणि जोड पुन्हा बघा.

आणखी एक. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसाला घातक. ती धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. गॅरेजवर काम शिकणाऱ्या पोरांना हे आवर्जून सांगा.

९) चालकासाठी लक्षात ठेवा

- घाट ज्या गिअरमध्ये चढता, साधारण त्याच गिअरमध्ये उतरा.
- उतारावर गाडी बंद करून डिझेल वाचवू नका. इंजिन बंद झालं की बूस्टरची मदत एक-दोन दाबांतच संपते आणि पॅडल लाकडासारखं होतं.
- पाय सतत ब्रेकवर ठेवू नका. ठामपणे दाबा, वेग कमी करा, सोडा.
- जळका वास आला किंवा पॅडल खाली गेलं, तर खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा, गाडी कडेला घ्या आणि थंड होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो.
- पाण्यातून गाडी काढल्यावर हळू चालवत दोन-चार वेळा ब्रेक दाबून वाळवून घ्या.
- दहाच्या जागी वीस माणसं बसवली, तर डिस्कसुद्धा हात टेकते.

ज्यांची लेकरं रोज काळीपिवळीने शाळेत जातात, त्या पालकांनीही एखाद्या दिवशी चालकाला विचारावं, "भाऊ, ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" विचारायला पैसे लागत नाहीत.

स्वाध्याय

१. ताशी ४० वरून ८० वेग केला, तर ब्रेकमध्ये किती पट उष्णता तयार होईल?
२. ड्रम तापल्यावर पॅडल खाली का जातं? प्रसरणाचा नियम वापरून सांगा.
३. कॅलिपरचा निपल वरच का असावा?
४. आपल्या गावातल्या एखाद्या गॅरेजला भेट द्या. ड्रम आणि डिस्क यांची चित्रं काढा, भागांना नावं द्या आणि मिस्त्रीकाकांना तीन प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहा.